साडेचारशेचे दोन डबे

"हा सातशेचा बी साडेचारशे, अन् तो बावीसशेचा बी साडेचारशे. मंग वरचे पंधराशे कायचे देऊ भाऊ?"

मे महिन्यातली दुपार. पोराच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, उडाला म्हणून काकाजी तालुक्याहून दोन डबे घेऊन आले होते, जो जमला नाही तो परत करायच्या बोलीवर. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, काकाजी, समोर छापलेला ४५० चा आकडा सोडा, डबा आडवा करा.

बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट, अन् प्रत्येकाखाली ॲम्पियर. आताच्या मशीनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्कची मोटर, पंखे, सगळे पिवळ्या वायरवर म्हणजे १२ व्होल्टवर जगतात. तेव्हा वाचायची ओळ तेवढीच. सातशेवाल्यावर तिथे १४ ॲम्पियर लिहिले होते. १२ गुणिले १४, झाले १६८ वॉट. बावीसशेवाल्यावर ३६ ॲम्पियर, म्हणजे ४३२ वॉट. मग सातशेवाल्याचे बाकीचे वॉट गेले कुठे? काही ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर, जिथे आता फारसं गिऱ्हाईक नाही. आणि बाकीचे कधी नव्हतेच. नीट पाहिलं तर त्या ४५० पुढे 'वॉट' हा शब्दही छापलेला नव्हता. ते मॉडेलचं नाव होतं!

आता खरं सांगायचं तर काकाजींच्या पोराला ४३२ वॉट लागतही नाहीत. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड नाही, काम फॉर्म भरायचं आणि व्हिडिओ पाहायचं. असं मशीन शंभर वॉटच्या आतबाहेर खातं. म्हणून दुकानदार "साडेसहाशेचा घ्या" म्हणाला तर ऐकू नका. पण १६८ तरी खरे आहेत का, हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर मे महिना देतो.

एसएमपीएसची ताकद कोणत्या तापमानाला मोजली, यावर बरंच अवलंबून असतं. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० डिग्रीला मोजून तसं सांगतात. लोकल डब्यावर याचा उल्लेखच सापडत नाही. बाहेर पारा ४५ वर, वर टिनाचं छप्पर, आणि पंख्याच्या जाळीत कापसाची धूळ दाटलेली. अशा डब्यातले ८५ डिग्रीपर्यंतचेच कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगायला वेळ लागत नाही. १०५ डिग्रीवाले बरेच तग धरतात. फुगलेला डबा गुपचूप मरेल तर ठीक, पण जाताना मदरबोर्ड नाहीतर हार्ड डिस्क सोबत नेली, की वाचवलेले पंधराशे कितीला पडले ते मोजत बसा.

दुसरी ओळ इनपुटची. एकावर २०० ते २४० व्होल्ट, दुसऱ्यावर १०० ते २४०. जिथे मोटारपंप आणि घरं एकाच डीपीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहेत, तिथे ओलिताच्या दिवसांत होल्टेज १७० पर्यंत उतरतं. तेव्हा पहिला डबा मशीन रीस्टार्ट करत बसतो आणि आपण विंडोजला शिव्या देतो. पण महाग म्हणजे मोठी रेंज असेलच असं नाही, वाचूनच घ्या. '८० प्लस' या खुणेबद्दलही एक गैरसमज आहे: साडेचारशेतले ऐंशी टक्केच मिळतात, असं लोक धरतात. तसं नाही. साडेचारशे पूर्ण मिळतात; तेवढे देताना भिंतीतून फार तर साडेपाचशे-पावणेसहाशे ओढले जातात, एवढाच अर्थ. "हाय एफिशियन्सी" नुसतं छापलेलं असेल तर ती खूण नव्हे.

आणि ऑफिसातून निघालेलं जुनं ब्रँडेड मशीन असेल, तर आधी मदरबोर्डचं कनेक्टर मोजा. नेहमीचं २४ पिनचं नसेल तर या दोन्ही डब्यांचा उपयोग नाही.

काकाजींनी बावीसशेवाला नेला. तिसऱ्या दिवशी फोन. "भाऊ, तुमचा महागाचा डबा करंट मारते ना! जुना कधी मारत नव्हता."

इथेच पुष्कळ लोक चांगला डबा परत करून लोकल आणतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये इनपुटला फिल्टर असतो आणि त्यातले छोटे कपॅसिटर लाइनमधला कचरा अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो झिणझिण्या देणारा करंट कॅबिनेटवर येऊन थांबतो. स्वस्त डब्यात बहुधा फिल्टरच बसवलेला नसतो, म्हणून तो गरीब गायीसारखा वाटतो. मी घरी जाऊन पाहिलं. थ्री-पिनची जाडी पिन कुणीतरी पकडीने तोडली होती, टू-पिनच्या बोर्डात बसावी म्हणून. वायरमनला बोलावलं. त्याने अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा पाइप पुरला, बोर्ड बदलला, प्लग बदलला. काकाजींनी कॅबिनेटला उलटा हात लावून पाहिला, मग सुलटा, मग पोरालाही लावायला लावला.