धातूचा खुबा वेगळा, धातूवर धातू घासणारा खुबा वेगळा

‘मेटलचे खुबे कंपनीने परत मागवले’ ही बातमी अधूनमधून नव्याने फिरते आणि खुबा बदललेले सगळेच हादरतात. त्यातल्या बहुतेकांचा तिच्याशी काडीचाही संबंध नसतो. ज्यांचा असतो, त्यांच्यातले काही मात्र ‘माझं तर टायटॅनियमचं आहे’ म्हणत निवांत असतात.

आधी बदललेल्या खुब्याची रचना बघू. मांडीच्या हाडात स्टेम म्हणजे दांडा, त्याच्या टोकावर बॉल, वर ओटीपोटाच्या हाडात कप, कपात लायनर म्हणजे अस्तर. हाडात तो सिमेंटने चिकटवलेला की बिनसिमेंटचा हा वाद इथे गैरलागू आहे. टायटॅनियम की कोबाल्ट-क्रोम (कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू), हा प्रश्नही निदान स्टेमपुरता सोडून द्या. स्टेम धातूचाच असतो, कपाचं कवचही बहुधा धातूचंच. त्या अर्थाने जवळपास प्रत्येक बदललेला खुबा ‘मेटल’चाच.

विचारायचं ते एवढंच, की चालताना काय कशावर घासतं? बॉल धातूचा किंवा सिरॅमिकचा आणि लायनर पॉलिएथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, ही नेहमीची जोडी. बॉलही कोबाल्ट-क्रोमचा आणि आतला पृष्ठभागही कोबाल्ट-क्रोमचाच असेल, तर तो ‘मेटल-ऑन-मेटल’. 2010च्या सुमाराचा गदारोळ या दुसऱ्या जोडीचा होता.

ही जोडी कुणी मूर्खपणाने काढलेली नव्हती. जुनं प्लास्टिक झिजायचं, त्याच्या कणांमुळे आजूबाजूचं हाड विरघळायचं. धातूवर धातू ठेवला तर एकूण झीज बरीच कमी भरते, हे खरंच आहे. पण झिजून निघणारे कण इतके बारीक असतात की त्यांची संख्या प्लास्टिकच्या कणांच्या कितीतरी पट होते. शिवाय त्यांच्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, रक्तात उतरतात. सांध्याभोवतीच्या मऊ ऊती काळवंडतात, मरतात. द्रवाने भरलेली गाठ तयार होते, तिला स्यूडोट्यूमर म्हणतात. तो कॅन्सर नव्हे. कोबाल्ट फारच वाढला तर हृदय, ऐकणं, नजर, थायरॉइड यांवरही परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळ. फिरत्या मेसेजमध्ये नेमकं हेच सगळ्यात वर असतं.

डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर-धातू खुबा हे याचं ठळक उदाहरण. ऑगस्ट 2010मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला, तोवर सुमारे 93,000 रुग्णांना बसवून झाला होता. इंग्लंड-वेल्सच्या सांधेनोंदीत (बदललेल्या सांध्यांच्या सरकारी नोंदवहीत) पाच वर्षांत 12 ते 13 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं होतं. त्याचा कप इतरांपेक्षा उथळ होता. थोडा तिरका बसला की सगळा भार कडेवर यायचा आणि कड बॉलला खरवडत राहायची. लहान मापाचे बॉल, म्हणजे बहुधा स्त्रियांचे, जास्त फसले. बर्मिंगहॅम हा दुसरा धातूवर-धातू खुबा बऱ्याच पुरुषांमध्ये चांगला टिकला, तरी 2015मध्ये त्याच्या कंपनीने तो स्त्रियांसाठी आणि लहान मापांसाठी मागे घेतला.

मग आपला कुठला? ब्रँडच्या नावावर जाऊ नका. पिनॅकल या एकाच कपात प्लास्टिकचा लायनरही बसायचा आणि धातूचाही. एक्स-रे बघा. प्लास्टिक त्यात उमटत नाही, म्हणून बॉल आणि कप यांच्यामध्ये काळसर चंद्रकोर दिसते. धातूवर धातू असेल तर बॉल आणि कप मिळून एकच पांढराशुभ्र गोळा. तरी एक्स-रेवरून मिळतो तो अंदाज. खात्री करायची तर ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवलेले स्टिकर मागा. त्यांच्यावर प्रत्येक भागाचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘टोटल हिप’ लिहून रुग्णाला घरी पाठवणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

एक पोटभेद मात्र सोडून चालणार नाही. 2012मध्ये स्ट्रायकर कंपनीने रिजुवेनेट आणि एबीजी टू हे स्टेम परत मागवले. तिथे घासणारी जोडी दोषी नव्हती. स्टेमची मान, म्हणजे बॉलखालचा भाग, वेगळी जोडायची होती आणि त्या जोडात धातू गंजत होता. म्हणजे लायनर प्लास्टिकचा असूनही धातूचाच त्रास. एक्झॅक्टेक कंपनीने 2021पासून परत मागवले ते तर प्लास्टिकचेच लायनर, कारण पाकिटातून ऑक्सिजन आत शिरून प्लास्टिक खराब होत होतं. तिथे रक्तातला कोबाल्ट तपासून हाती काय लागणार?

आणि रिकॉल, म्हणजे कंपनीने परत मागवणं, याचा अर्थ बसवलेला खुबा काढून टाकणं नव्हे. विक्री थांबते, न वापरलेला माल परत जातो, बसवलेल्यांवर लक्ष ठेवलं जातं. काही दुखत नसलं तरी तपासणी टाळू नये, कारण स्यूडोट्यूमर मुकाट्याने वाढू शकतो. तो धातूमुळे येणारा व्यत्यय कमी करणाऱ्या एमआरआयमध्ये किंवा सोनोग्राफीत दिसतो. रक्तात कोबाल्ट किंवा क्रोमियम 7 पीपीबीच्या (अब्ज भागांत सात भागांच्या) वर गेलं, की ब्रिटनच्या नियामकांच्या सूचनेप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात आणि स्कॅन करतात. नुसत्या त्या आकड्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं, तर स्कॅन कुठे आहे ते विचारा.