‘पालकांच्या विनंतीवरून’: शाळेतील शिस्त आणि मुलाचा कायदेशीर हक्क

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ असे दोन रकाने असतात. बेशिस्तीवरून मुलाला शाळेबाहेर काढले जाते तेव्हाही पहिल्या रकान्यात ‘चांगली’ आणि दुसऱ्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहून प्रकरण मिटवता येते. ही विनंती कशी घडते, हे खानदेशातल्या पुष्कळ पालकांना सांगावे लागत नाही: मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या असलेल्या बापाला ‘दाखला काढून न्या, नाहीतर शेरा खराब पडेल’ असे सुनावले जाते आणि पुढे आलेल्या कागदावर तो सही किंवा अंगठा करून मोकळा होतो.

या सहीमागचा इतिहास मोठा आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 89 नुसार, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नसे. त्या कलमाखालचे उदाहरण मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचे आहे, शाळेचा त्यात उल्लेखही नाही. तरीही छडी उगारणाऱ्या शिक्षकाच्या बचावासाठी हेच कलम पुढे केले जात राहिले. संमती तर घरूनच येई. ‘मास्तर, मना पोऱ्याले मारा, पन शिकाडा,’ असे म्हणून मूल शाळेत सोडणाऱ्या बापाने आपण कोणता कायदेशीर अधिकार देऊन बसलो, याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून 1930 पर्यंत शिकवणाऱ्या आणि वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः आवरणाऱ्या साने गुरुजींचे नाव खानदेशातल्या भाषणांत अजून घेतले जाते. पण त्यांच्या काळात मुलाला न मारणे हा शिक्षकाच्या स्वभावाचा भाग होता, मुलाचा हक्क नव्हता. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती जुनी तरतूद कलम 27 म्हणून जवळपास तशीच आली आहे.

दृष्टी बदलू लागली ती संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने, जी भारताने डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारली. शाळेतील शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी आणि त्याच्याविषयी निर्णय होताना त्याचे म्हणणे ऐकले जावे, या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. 2000 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंवर देशभर बंदी आली. कलम 16 ने तर आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यालाच मनाई केली. 2019 च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा परत आली. काढून टाकण्याची आली नाही. माझ्या मते ‘विनंती’ची गरज पडते ती इथेच: जे हुकूम म्हणून लिहिता येत नाही, ते अर्ज म्हणून लिहून घेतले जाते.

नववीपासून कलम 16 चे कवच उरत नाही. तेथे माध्यमिक शाळा संहिता आणि नैसर्गिक न्यायाचे तत्त्व यांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणजे आरोप काय आहे ते मुलाला आणि पालकाला सांगणे आणि त्यावर त्यांचे म्हणणे ऐकून मगच निर्णय घेणे. नंदुरबारच्या आश्रमशाळांत किंवा चाळीसगाव, साक्रीकडच्या गावांत हे ऐकणे आणखी अवघड होते, कारण दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि शाळेत बोलावल्यावर येते ती आजी किंवा एखादा काका. प्रकरण चोरीचे किंवा मारामारीचे म्हणून पोलिसांपर्यंत गेलेच, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते आणि त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकणाऱ्यांना यातले शेवटचे क्वचितच माहीत असते.

सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या हक्कांविषयीची तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावी जिल्हा परिषदेकडे आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे करता येते. तिने दोन्ही बाजूंना संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मात्र ही तक्रार लेखीच लागते आणि ते तीन महिने ती मिळाल्यापासून मोजले जातात. मुख्याध्यापकांच्या खोलीत तोंडी झालेल्या बोलण्याला ना तारीख असते, ना आवक क्रमांक.