दाइसुके (जपानी खेळाडूंमधलं नाव)

दाइसुके हे जपानमधलं पुरुषांचं नाव. १९७०-८० च्या दशकांत जन्मलेल्या जपानी खेळाडूंमध्ये ते इतक्या वेळा येतं की नुसतं 'दाइसुके' म्हटलं तर बेसबॉलवाला, स्केटिंगवाला की फुटबॉलवाला हे विचारावंच लागतं. उच्चार 'दाइस्के'च्या जवळ जातो, मधला उ जवळजवळ गिळला जातो. मराठी पेपरांत इंग्रजी स्पेलिंगवरून 'डाइसुके' छापलेलं दिसतं, पण जपानी ध्वनी आपल्या 'द'च्या जास्त जवळचा आहे, म्हणून इथे 'द'च ठेवलाय. आडनाव आधी, मग नाव, हा जपानी क्रमही तसाच ठेवलाय.

'दाइ' म्हणजे मोठा, हे सोपं आहे. 'सुके'चं प्रकरण मात्र जुनं. ७०१ च्या ताइहो संहितेनुसार जे सरकारी खाते-तंत्र उभं राहिलं त्यात बहुतेक कचेऱ्यांत चार पायऱ्यांचे अधिकारी असायचे, आणि दुसऱ्या पायरीवरच्याला, म्हणजे उपप्रमुखाला, 'सुके' म्हणायचे. गंमत अशी की उच्चार एकच पण कचेरीप्रमाणे अक्षर बदलायचं: मंत्रालयात वेगळं, प्रांतात वेगळं, छोट्या विभागात आणखी वेगळं. मंत्रालयातलं अक्षर १४ रेघांचं, डाव्या बाजूला 'गाडी'चं अंग असलेलं, मूळ अर्थ गाडीच्या चाकाला आधार देणारं लाकूड आणि त्यावरून मदतनीस. प्रांतातलं ४ रेघांचं, विभागातलं ७ रेघांचं. मंत्रालयात असे उपप्रमुख दोन, मोठा आणि धाकटा, आणि मोठ्याचं पद जसं लिहायचे तसंच आजचं सगळ्यात प्रसिद्ध 'दाइसुके' लिहितात, फक्त पद म्हणून त्याचा उच्चार 'ताइफू' असा व्हायचा. मेइजी काळात (१८६८ नंतर) ही पदनामं परत आली आणि १८६९ मध्ये ओकुमा शिगेनोबू अर्थखात्याचे 'ताइफू' झाले, तेच पुढे वासेदा विद्यापीठाचे संस्थापक, आणि वासेदाचा संबंध खाली परत येणार आहे.

आता नाव थेट या पदावरून आलं का? काही जण तसं सांगतात. पण सामुराई काळात पदनामं नावासारखी वापरायची पद्धत इतकी पसरली होती की 'सुके' हा पुरुषांच्या नावाचा साधा शेवट होऊन बसला, त्यामुळे 'दाइ' अधिक 'सुके' अशी सरळ जोडणी झाली असावी हे जास्त पटतं. ४ किंवा ७ रेघांच्या अक्षराने लिहिलेले दाइसुके आहेत, त्यांचा मंत्रालयाच्या पदाशी संबंध लावता येत नाही.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९४८ पासून जपानमध्ये बाळाच्या नावात सरकारी यादीतलीच अक्षरं चालतात असा नियम आला आणि ते १४ रेघांचं अक्षर त्या यादीत नव्हतं. १९५१ मध्ये नावांसाठी ९२ जादा अक्षरं मंजूर झाली, त्यात ते आलं. मधल्या तीन वर्षांत जन्मलेल्या मुलाचं नाव या अक्षराने नोंदवता येत नव्हतं.

नावाची लाट आली ती आराकी दाइसुकेमुळे, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. आराकी (जन्म १९६४) वासेदा विद्यापीठाशी जोडलेल्या वासेदा जित्सुग्यो या शाळेचा पिचर (बेसबॉलमधला बॉलर), १९८० च्या उन्हाळ्यात शाळेच्या पहिल्याच वर्षी कोशिएनच्या राष्ट्रीय शालेय बेसबॉल स्पर्धेत फायनलपर्यंत गेला, तिथपर्यंत सलग ४४ पेक्षा जास्त इनिंग्ज त्याने एकही रन दिला नव्हता. फायनलला योकोहामा हायस्कूलने ६-४ ने हरवलं, तरी 'दाइ-चान' (लाडाचं नाव) म्हणून पोरींची झुंबड उडाली ती उडालीच. पुढे शक्य होत्या त्या पाचही कोशिएन स्पर्धा तो खेळला.

पण इथे थोडं थांबायला हवं. मेइजी यासुदा या विमा कंपनीच्या नावांच्या यादीत मुलांमध्ये दाइसुके पहिल्या नंबरवर आहे ते १९७९ ते १९८६ सलग आठ वर्षं, म्हणजे आराकी कोशिएनला पोचायच्या एक वर्ष आधीपासून! यादी कंपनीच्या ग्राहकांवरून केलेली, जनगणना नव्हे, तरी क्रम एवढा उलटा असायचं कारण नाही. शिवाय जिम्नॅस्ट निशिकावा दाइसुके (१९७०, सोल १९८८ मध्ये सांघिक ब्राँझ) आणि योकोहामा बेस्टार्स या व्यावसायिक संघाचा पिचर मिउरा दाइसुके (१९७३) हे तर लाटेच्या बरेच आधीचे. तेव्हा आराकीने लाट आणली नाही, आलेली लाट टिकवली, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

एका मुलाच्या बाबतीत मात्र वाद नाही. त्या फायनलनंतर तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबर १९८० ला, मात्सुझाका दाइसुके जन्मला आणि त्याचं नाव आराकीवरूनच ठेवलं. तो शिकला कुठे, तर आराकीला हरवणाऱ्या योकोहामा हायस्कूलमध्येच. १९९८ च्या कोशिएनमध्ये पीएल गाकुएन या शाळेविरुद्ध १७ इनिंग्ज, २५० बॉल टाकले आणि दोन दिवसांनी फायनलमध्ये समोरच्यांना एकही हिट न देता मॅच काढली, असं त्याआधी फायनलमध्ये फक्त १९३९ मध्ये झालं होतं. मग सेइबू लायन्स हा व्यावसायिक संघ, तिथे २००४ पासून पिचिंग कोच म्हणून कोण आलं तर आराकी, म्हणजे ज्याचं नाव घेतलं तोच शिकवायला. नंतर अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्सने त्याच्याशी नुसत्या बोलणीच्या हक्कासाठी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर ११ सेंट बोली लावली, आणि २००७ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) त्यांनी जिंकली. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा, २००६ आणि २००९. २०२१ मध्ये निवृत्त.

इतर खेळांत: ताकाहाशी दाइसुके (१९८६), २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं ब्राँझ, पुरुषांमध्ये आशियाचं पहिलं पदक, त्याच वर्षी जागतिक विजेता, आणि नंतर चक्क आइस डान्सकडे वळून २०२२ मध्ये मुरामोतो कानासोबत फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेचं रौप्य. फुटबॉलर मात्सुइ दाइसुके (१९८१), २०१० वर्ल्ड कपमध्ये कॅमेरूनविरुद्ध होंडाच्या गोलचा क्रॉस त्याचाच. रग्बीतला ओहाता दाइसुके ४ रेघांच्या अक्षराचा, कसोटी सामन्यांत ६९ ट्राय, जागतिक विक्रम. बॉक्सर नाइतो दाइसुके ७ रेघांचा, २००७ मध्ये पोंगसाकलेकला हरवून डब्ल्यूबीसी फ्लायवेट चॅम्पियन. फुटबॉलर इचिकावा दाइसुके तर वेगळ्याच, ९ रेघांच्या अक्षराचा, १९९८ मध्ये १७ व्या वर्षी राष्ट्रीय संघात.

१९८७ मध्ये विमा कंपनीच्या त्या यादीत तात्सुया हे नाव वर आलं. वर उल्लेख केलेल्या मिउराने २०२४ मध्ये मॅनेजर म्हणून योकोहामा बेस्टार्सला जपान सिरीज जिंकून दिली.