साथरोग सर्वेक्षण (इंदूर)

साथरोग सर्वेक्षण : साथीचा सुगावा वेळेत लागावा आणि ती कुठे, कोणत्या वयोगटात, किती वेगाने सरकते आहे हे कळावे, म्हणून आजारांची माहिती सतत गोळा करून तिच्यावरून कारवाई करण्याची पद्धत. कारवाई झाली नाही तर उरते ती नुसती नोंदवही.

प्लेगच्या काळात घरात उंदीर मरून पडू लागले की माणसांना गाठी येण्याआधीच धोका ओळखला जाई. होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल (१९१८) लिहिणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरातल्या दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिकृतीही फिरवली होती.

सध्याची चौकट २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची. आरोग्य कार्यकर्ती लक्षणांवरून ‘एस’, डॉक्टर संभाव्य निदानावरून ‘पी’ आणि प्रयोगशाळा तपासणीवरून ‘एल’ फॉर्म भरते. पूर्वी आठवड्याने जाणारी ही माहिती आता ऑनलाइन भरली जाते.

या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित, पण मोलाचा असतो तो शून्य अहवाल, म्हणजे रुग्ण नसला तरी ‘शून्य’ असे लिहून पाठवलेला अहवाल. ‘रुग्ण नाही’ आणि ‘कळवलेच नाही’ यांतला फरक कोऱ्या रकान्यातून कळत नाही. पोलिओच्या सर्वेक्षणात तर याच्याही पुढची कसोटी आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही असो, ते कळवायचे आणि शौचाचे दोन नमुने तपासायचे. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी अशी मुले दरवर्षी त्या वयाच्या लाख मुलांमागे किमान एक तरी सापडायला हवीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मूळ निकष आहे. मोठ्या जिल्ह्यात वर्षभर एकही सापडले नाही, तर शोधच ढिला पडला असे समजतात.

जुलाब-उलट्यांच्या साथीत रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडतात. इंदूरला नर्मदाकाठच्या जलूदहून नळाने नर्मदेचे पाणी येते. तेव्हा रुग्ण एकाच लाइनवरचे आहेत का, आणि ती लाइन ड्रेनेजला कुठे खेटून जाते, हे आधी पाहावे लागते. एकदम उसळून ओसरणारा आलेख बहुधा एकाच स्रोताकडे बोट दाखवतो. डेंग्यूत मात्र रुग्णांची वाट पाहत बसत नाहीत. कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा तपासून शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी मिळाली, ते मोजतात. यालाच ब्रेटो निर्देशांक म्हणतात.

कच्चा दुवा खासगी दवाखान्यांचा. राजवाडा-रामबागेकडचा मराठी माणूस तापात आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे जातो, नाहीतर मेडिकलवरून गोळी आणतो. डॉक्टरांनी कळवले नाही तर तो ताप सरकारी आकड्यात येतच नाही. गोळीवर निभावलेला ताप तर कुणाच्याच आकड्यात नसतो. म्हणून फॉर्मखेरीज वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि वस्तीतून आलेल्या तक्रारीही पडताळून पाहतात.