ऊन फुकट, वाळवणे महाग: विदर्भातील लाकूड आणि ओलाव्याची पार्श्वभूमी

विदर्भात दाराची तक्रार वर्षातून दोनदा बदलते. श्रावणात दार चौकटीत अडकते, कडी बसत नाही. वैशाखात त्याच दाराच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो. बोल बहुतेक वेळा सुताराला लागतो. खरे कारण मात्र त्याच्या आधीचे असते: झाड पडल्यापासून फळी रंध्याखाली येईपर्यंत तिच्यातले पाणी कुणी काढले, किती काढले आणि किती घाईने.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळीतले आधी निघते आणि ते जाताना फळीचे माप बदलत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि तिथून लाकूड आकसू लागते. ही टक्केवारी पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. आकसणेही सगळीकडे सारखे नसते. सागवान या बाबतीत गुणी लाकूड, तरी वर्षवलयांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसते. फळी वाकते, पीळ खाते, ती यामुळेच.

आणि लाकूड एकदा वाळले म्हणजे काम संपले असेही नाही. ते हवेशी देवाणघेवाण करतच राहते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यातल्या हवेत ते पाच-सहा टक्क्यांकडे ओढले जाते, ऑगस्टमध्ये चौदा-पंधराकडे. फूटभर रुंदीच्या सागवानी फळीत एवढ्या फरकाने तीन-चार मिलिमीटर सहज येतात-जातात.

इतके ऊन असलेल्या मुलखात लाकूड वाळवायला काय लागते, असे वाटते. पण पंचेचाळीस अंशांच्या झळांत उघड्यावर टाकलेल्या फळीचा वरचा थर झपाट्याने सुकतो आणि आकसू पाहतो. आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही. मग वरचा थर फाटतो, विशेषतः टोकांना. आपल्याकडे लाकूड वाळवण्याचे कसब म्हणजे मुख्यतः वाळण्याला आवर घालण्याचे कसब आहे, आणि ते फार जुने आहे.

बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकासाठी तोडलेली बाभूळ तळ्यात किंवा नाल्याच्या डोहात बुडवून ठेवण्याची रीत त्याचाच भाग. पाण्यात लाकूड तडकत नाही, आणि किडीला आवडणारी विरघळणारी द्रव्ये बऱ्यापैकी निघून जातात. नंतर ते सावलीत वाळवायचे. चाकावर लोखंडी धाव, म्हणजे भोवतीची पट्टी, तापवून चढवत. थंड होताना ती आकसून आरे-पाटे घट्ट आवळी. उन्हाळ्यात चाक सुकून धाव ढिली पडली की बंडी थोडा वेळ पाण्यात उभी करीत. ओलाव्याने लाकूड फुगते हे ज्ञान इथे रोजच्या वापरात होते. ते कुणी पुस्तकात मांडले नाही, म्हणून त्याला अडाणीपणा समजणे मला मान्य नाही.

१८६४ मध्ये ब्रिटिशांनी वनखाते उभे केले. रेल्वेच्या स्लीपरांची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडांची, भूक मोठी होती, आणि चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातले, आलापल्लीकडचे सागवान नावाजलेले. १९२९ मध्ये काझीपेट-बल्लारशा रेल्वेमार्ग जोडला गेला आणि दक्षिणेची वाट खुली झाली. बल्लारशाचा लाकूड डेपो पुढे देशभर ओळखला गेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते याच भागातून.

शास्त्राची बाजू देहरादूनला घडली. तिथली वनसंशोधन संस्था १९०६ ची. तिथे भारतीय जातींवर भट्टीत वाळवण्याचे प्रयोग झाले आणि कोणत्या लाकडाला किती उष्णता सोसते याची वेळापत्रके तयार झाली. भट्टी म्हटले की आग डोळ्यांपुढे येते. इथे नुसती उष्णता कामाची नाही. हवेतला दमटपणा राखणे हेच मुख्य काम. एक साधा आणि एक ओल्या कापडाचा, अशा दोन तापमापकांतल्या फरकावरून हवा किती कोरडी आहे ते कळते. सुरुवातीला आत वाफ सोडून हवा मुद्दाम दमट ठेवायची, गाभ्यातले पाणी बाहेर येईल तसतशी कोरडी करत न्यायची. घाई केली तर बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होतो. फळी वरून निर्दोष दिसते आणि चिरल्यावर वाकते.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानकांनी वार्षिक सरासरी आर्द्रतेवरून देशाचे विभाग पाडले आणि कुठे किती ओलाव्याचे लाकूड वापरावे ते सांगितले. सोय म्हणून ते ठीक. पण विदर्भाची सरासरी काढली की मे आणि ऑगस्ट दोन्ही पुसले जातात. मेमध्ये बसवलेल्या दाराला फुगायला जागा ठेवावी लागते, ऑगस्टमधल्या दाराला तेवढी लागत नाही. कोष्टकात हे सापडत नाही.

महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले आणि लागवडीचे सागवान वाढले. कोवळ्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त. कीड तिथेच आधी लागते. त्यामुळे वाळवण्याकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष हवे होते. घडले उलटे. शेडखाली, फळ्यांमध्ये इंचभर पट्ट्या घालून थप्पी लावायची, टोकांना रंग किंवा डांबर फासायचे, यात अवघड काही नाही. पण त्यासाठी जागा लागते आणि भांडवल काही महिने अडकते. छोट्या आरागिरणीला ते झेपत नाही. ओली फळी विकली की पैसा मोकळा होतो, आणि वाळण्याचा खर्च घर बांधणाऱ्याच्या अंगावर पडतो.

देहरादूनलाच १९७० च्या दशकात सौर भट्टीवर काम झाले: पारदर्शक छपराची बंद खोली, आत काळा रंग, हवा फिरवणारे पंखे, दमट हवा मोजून बाहेर सोडणाऱ्या झडपा. वाफेच्या बॉयलरचा खर्च नाही, आणि झळाही फळीला थेट लागत नाहीत. माझ्या मते तालुक्याला अशी एक सामाईक भट्टी आणि ओलावा मोजायचे एक यंत्र असावे. चार-पाच आरागिरण्या मिळूनही ते चालवू शकतात, आणि गडचिरोलीत बांबूचा कारभार हाती घेतलेल्या ग्रामसभांनाही त्याचा उपयोग होईल. नीट न वाळलेल्या बांबूला भुंगा पोखरतो आणि माल बाजारात पोहोचण्याआधीच भुसा होतो.