जुना अ‍ॅम्प्लिफायर प्लगला लावण्याआधी

माळ्यावरून वीस वर्षांनी खाली आलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ पुसून झाली, की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "लावून तर बघू, चालतो का!" मी गेली काही वर्षं जुने ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. त्यातले कित्येक माळ्यावर होते तोवर बरे होते आणि या 'लावून बघू'च्या पहिल्या पाच-दहा सेकंदांत गेले. त्या सेकंदांत आत काय घडतं ते एकदा कळलं, तर बरेच अ‍ॅम्प्लिफायर वाचतील.

सत्तर-ऐंशीच्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर उघडला की मांडणी बहुतेक सारखीच दिसते. एका बाजूला जड ट्रान्सफॉर्मर, त्याच्या शेजारी डब्यांसारखे दोन मोठे कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे भाग), आणि मागे काळ्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर. शंकरपाळ्याच्या आकाराचं बूड आणि त्यावर गोल टोपी, हा त्या काळातल्या पॉवर ट्रान्झिस्टरचा ठरलेला साचा. त्या टोपीखाली सिलिकॉनची छोटीशी चकती हवाबंद असते. तिला वय जवळजवळ लागत नाही. वय लागतं ते तिच्या आजूबाजूच्या ओल्या, चिकट आणि सरकणाऱ्या गोष्टींना.

त्यातली सगळ्यात ओली गोष्ट म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये रसायनात भिजवलेला कागद, आणि ही सगळी गुंडाळी एका डब्यात. पुष्कळांना वाटतं की मधला कागद वीज अडवतो. प्रत्यक्षात ते काम एका पट्टीवर चढवलेला ऑक्साइडचा थर करतो. त्याची जाडी दर व्होल्टला साधारण दीड नॅनोमीटरच्या आत असते. म्हणजे ५० व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये हा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका. थर इतका पातळ असल्यामुळेच एवढ्याशा डब्यात इतका विद्युतभार मावतो.

हा थर व्होल्टेजवर जगतो. यंत्र रोज चालू असलं तर थरातली बारीकसारीक छिद्रं तिथल्या तिथे बुजत राहतात. यंत्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की आतलं रसायन थराला हळूहळू कुरतडतं. मग अचानक पूर्ण व्होल्टेज आलं की त्या कमकुवत जागांतून प्रवाह गळतो. गळतीने उष्णता आणि वायू तयार होतो, डब्याचं टोपण फुगतं, कधी फुटतं, कधी कंडेन्सर आतून शॉर्ट होतो आणि त्याच्यामागे डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर जातो.

गंमत अशी, की हीच गळती मोजून-मापून दिली तर औषध ठरते. कंडेन्सर सर्किटमधून सोडवून घ्यायचा, १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला पॉवर सप्लाय जोडायचा आणि व्होल्टेज काही तासांत टप्प्याटप्प्याने वर न्यायचं. गळणाऱ्या प्रवाहानेच थर पुन्हा चढतो. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजत राहिलं की गळती उतरताना डोळ्यांना दिसते. काही तासांनंतरही ती उतरत नसेल तर त्या कंडेन्सरला निरोप द्यायचा.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या कारागिराला ठाऊक आहे: सिरीज बल्ब. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीत १०० वॅटचा तारेचा बल्ब एकसरीत जोडायचा. यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा रोध ५३० ओहमच्या आसपास असतो, पण थंड असताना तो जेमतेम ४० ओहम भरतो. अ‍ॅम्प्लिफायर ठीक असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत बल्ब क्षणभर पेटतो आणि मंदावतो, कारण त्यानंतर प्रवाह थोडाच लागतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखत राहतो, त्याचा रोध वाढतो आणि जी ऊर्जा अ‍ॅम्प्लिफायर जाळायला निघाली होती ती बल्बमध्ये खर्च होते. एलईडी बल्ब इथे अजिबात चालत नाही. म्हणून तारेचे दोन बल्ब मी जपून ठेवलेत. मात्र सिरीज बल्ब शॉर्टपासून वाचवतो, थकलेला कंडेन्सर त्याने बरा होत नाही. कंडेन्सर भरला की त्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज येतंच. पहिल्या चाचणीला स्पीकर जोडायचा नाही, आणि फ्यूज उडतोय म्हणून त्या जागी जाड तार तर कधीच घालायची नाही.

बंद केलेला अ‍ॅम्प्लिफायरही लगेच हात घालण्याजोगा नसतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३५ व्होल्टला भरलेला असेल तर त्यात सहा ज्यूल ऊर्जा असते. आकडा लहान वाटतो, पण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकला तर क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात, पात्याचं टोक वितळतं आणि कंडेन्सरची आतली जोडणीही दुखावते. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद लावून ठेवला तर तेच काम शांतपणे होतं. मग मीटरने खात्री करायची.

आता एक वादाचा मुद्दा. पुष्कळ लोक जुना अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की सगळे कंडेन्सर सरसकट बदलतात. मला हे पटत नाही. एकाच बैठकीत चाळीस भाग बदलले आणि त्यातला एक उलटा बसला, तर आता बिघाड जुना की आपण केलेला, हे शोधायला दोन रात्री जातात. शिवाय कंडेन्सर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून हीट सिंकला चिकटून बसलेला कंडेन्सर आधी जातो. १० किंवा ४७ मायक्रोफॅरडच्या चिमुकल्या कंडेन्सरमध्ये मुळात रसायनच थोडं, त्यामुळे तेही मोठ्या डब्यांच्या आधी सुकतात. मोठे डबे दमदार निघाले तर मी ते तसेच ठेवतो. स्पीकरमधून बारीक घरघर येत असेल, तर मात्र संशय आधी त्यांच्यावरच. ५० हर्ट्‌झची वीज डायोडमधून पार झाली की १०० हर्ट्‌झची लाट उरते. ती सपाट करणं हे त्यांचंच काम.

ट्रान्झिस्टरकडे वळताना थोडं आवाजाबद्दल बोलायला हवं. असा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाची लाट दोन ट्रान्झिस्टरांत वाटून घेतो. वरचा अर्धा भाग एक ढकलतो, खालचा दुसरा. दोघी जात्यावर बसल्या की खुंटा एकीच्या हातातून दुसरीकडे जातो तसंच हे. पण सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागाच होत नाही. त्यामुळे एकीने खुंटा सोडला आणि दुसरीने अजून धरला नाही, असा क्षण प्रत्येक लाटेत येतो. मोठ्या आवाजात तो झाकला जातो. हळू आवाजात, तानपुऱ्याचा नाद विरत असताना, तो खरखरीतपणे कानाला टोचतो. उपाय असा, की दोन्ही ट्रान्झिस्टरांतून शांततेतही थोडा प्रवाह वाहता ठेवायचा, म्हणजे खुंट्यावर क्षणभर दोघींचे हात असतात. या प्रवाहाला बायस म्हणतात, आणि तो ठरवायला सर्किटवर एक छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, असतो.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे बरेच मृत्यू याच प्रीसेटमुळे होतात. त्याचा सरकता काटा कार्बनच्या पट्टीवर दाबून बसलेला असतो. वर्षानुवर्षांच्या ओलीने आणि गंजाने तो संपर्क सुटतो. काही सर्किटांत काटा सुटला की बायस शून्याकडे न जाता कमालीचा वाढतो आणि पॉवर ट्रान्झिस्टर काही सेकंदांत जळतात. कारागीर नवे ट्रान्झिस्टर घालतो, तेही जळतात, तो आणखी घालतो. दोष आठ-दहा रुपयांच्या प्रीसेटचा असतो. म्हणून मी ट्रान्झिस्टर जळालेला दिसला की आधी प्रीसेट काढून मोजतो.

दुसरं कारण उष्णतेचं. तापमान एक अंशाने वाढलं की ट्रान्झिस्टरला लागणारं ते ०.६ व्होल्ट साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतं. म्हणजे बायससाठी दिलेलं व्होल्टेज तेच राहिलं तरी प्रवाह वाढतो, प्रवाहाने तापमान वाढतं आणि त्याने आणखी प्रवाह. हे चक्र तोडायला एक लहान ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीट सिंकवर चिकटवलेला असतो. सिंक तापला की तो बायस खाली खेचतो. पण त्याच्याखालची पांढरी पेस्ट तीस-चाळीस वर्षांत खडूसारखी कोरडी पडते आणि त्याला उष्णता कळेनाशी होते. पॉवर ट्रान्झिस्टरखालच्या पेस्टचंही तेच. जुनी पेस्ट पुसायची, ट्रान्झिस्टर आणि सिंक यांच्यामध्ये वीज अडवणारी अभ्रकाची चकती तडकली नाही ना हे उजेडात धरून बघायचं आणि नवी पेस्ट अगदी पातळ लावायची. एक इशारा गांभीर्याने देतो: चकती अभ्रकाची नसून पांढऱ्या चिनी मातीसारखी असेल तर तिला घासू किंवा तोडू नका. काही जुन्या यंत्रांत बेरिलियम ऑक्साइड वापरलं जायचं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

उष्णतेच्या याच प्रश्नाला इंग्लंडमधल्या हंटिंग्डनला पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९६७ साली फार देखणं उत्तर दिलं. त्यांच्या 'क्वाड ३०३' या ४५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रत्येक बाजूला तीन ट्रान्झिस्टरांचा एक गट आहे. गटातल्या अंतर्गत फीडबॅकमुळे बायस ठरतो तो पहिल्या लहान ट्रान्झिस्टरच्या तापमानावरून, आणि तो फारसा तापतच नाही. मोठे ट्रान्झिस्टर कितीही तापोत, बायस जागेवर राहतो. शिवाय बाहेर जाणाऱ्या वाटेवर २,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे, त्यामुळे आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी स्पीकर वाचतो. पुढच्या काळातल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांनी हा कंडेन्सर काढून टाकला. तिथे एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ३५ व्होल्टचा सरळ प्रवाह स्पीकरच्या कॉइलमधून जातो. सहा ओहमच्या कॉइलमध्ये ही २०० वॅटची निव्वळ उष्णता. म्हणून स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचं डीसी व्होल्टेज मोजायचंच. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा.

आता टू एन ३०५५ बद्दल. हा ट्रान्झिस्टर माहीत नसलेला कारागीर मी पाहिलेला नाही. साठच्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीने आणलेला हा एनपीएन ट्रान्झिस्टर जगभर पसरला आणि आपल्याकडेही खूप वापरला गेला. त्या काळी त्याच्या तोडीचे पीएनपी, म्हणजे उलट दिशेच्या प्रवाहावर चालणारे, पॉवर ट्रान्झिस्टर महाग आणि दुर्मीळ होते. म्हणून १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी सुचवलेली, दोन्ही बाजूंना एकाच जातीचे पॉवर ट्रान्झिस्टर वापरायची रचना पुष्कळांनी उचलली. आज हा ट्रान्झिस्टर बदलताना दोन फसवणुकी होतात. पहिली उघड आहे: मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी चांगला मालही मिळतो आणि जुन्या टोपीवर नवी छाप मारलेला मालही. नकली ट्रान्झिस्टर कापून पाहिला तर आतली चकती खऱ्याच्या मानाने अगदी चिमुकली निघते.

दुसरी फसवणूक सूक्ष्म आहे आणि ती अस्सल मालातही होते. जुना टू एन ३०५५ संथ होता, त्याची वेगमर्यादा सुमारे ०.८ मेगाहर्ट्‌झ. नंतर बनवण्याची पद्धत बदलली आणि त्याच नावाचा ट्रान्झिस्टर २.५ मेगाहर्ट्‌झचा झाला. कागदावर ही सुधारणाच. पण जुनं सर्किट त्या संथपणाला धरून आखलेलं होतं. वेगवान ट्रान्झिस्टर घातला की काही अ‍ॅम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या कंपनांत जातात. आवाज जवळपास ठीक, पण सिंक विनाकारण तापलेला. विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपशिवाय हे दिसत नाही. मी एका अ‍ॅम्प्लिफायरवर तीन रविवार घालवले, तेव्हा हे कळलं. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असते, ती असली कंपनं दाबण्यासाठी. अशा वेळी ती जोडी शाबूत आहे का, हे सगळ्यात आधी बघावं.

बाकीचे दोष लहान असतात. जड भागांच्या पायांभोवती डाग (सोल्डरचा जोड) तडकलेला असतो, भिंगाखाली बारीक गोल रेघ दिसते. तिथला जुना डाग काढून नवा द्यायचा. कंडेन्सर हलू नयेत म्हणून लावलेला पिवळसर गोंद काही जपानी यंत्रांत काळा पडतो, वीज वाहू लागतो आणि तारा खातो. तो खरवडून काढायचा. कोकणातून आलेल्या यंत्रांत स्पीकर रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे, संपर्क काळवंडलेले सापडतात. हळू आवाजात एक बाजू गायब आणि आवाज वाढवला की परत हजर, ही त्याची खूण.

शेवटचं काम बायस लावण्याचं. सिरीज बल्ब काढायचा, प्रीसेट सगळ्यात कमी बायसवर ठेवायचा आणि मीटर पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटर या पायाला जोडलेल्या ०.२२ ओहम रेझिस्टरवर लावायचा. तिथे १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिअँपिअर. आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो असेल तोच धरावा. तो मिळाला तरी मी लगेच स्क्रू आवळत नाही. झाकण ठेवतो, तासभर हळू आवाजात काहीतरी लावतो, आणि पुन्हा मोजतो. परवाच्या अ‍ॅम्प्लिफायरने सुरुवातीला १० मिलिव्होल्ट दाखवले, वीस मिनिटांनी १३, आणि तासाभराने पुन्हा ११ वर येऊन तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना चालू करून पुन्हा बघितलं. मग झाकणाचे स्क्रू आवळले.