शांघाय स्थानिक टपाल

शांघाय स्थानिक टपाल : चीनमधील शांघाय बंदराच्या परदेशी वसाहतीत तिथल्या म्युनिसिपल कौन्सिलने १८६३ मध्ये सुरू केलेली व १८९७ पर्यंत चाललेली पत्रसेवा. ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगच्या तहाने (१८४२) व्यापाराला खुल्या झालेल्या या बंदरात ब्रिटन, फ्रान्स आदी देशांच्या टपाल कचेऱ्या होत्या, पण त्यांचा रोख समुद्रापार जाणाऱ्या डाकेवर. पलीकडच्या रस्त्यावरील पेढीला किंवा यांगत्से नदीकाठच्या हानकोला पत्र धाडायचे, तर घरचा गडी पाठवा, बोटीच्या कप्तानाला गळ घाला, नाहीतर चिनी पत्रपेढ्या गाठा. गड्याबरोबर एक वही जाई आणि पत्र घेणारा तीत सही करी. तिला ‘चिट-बुक’ म्हणत. त्यातला ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठीच, इंग्रजांबरोबर हिंदुस्थानातून तिकडे पोचलेली.

खरा प्रश्न पत्रे वाटण्याचा नव्हता, खर्च कोणी सोसायचा हा होता. कौन्सिलने वर्गणीचा मार्ग धरला. वर्षाची रक्कम भरणाऱ्या पेढीने हवी तितकी पत्रे टाकावीत, इतरांनी पत्रागणिक पैसे मोजावेत. यात पैसा आगाऊ हाती येई आणि हिशेबही सुटसुटीत राही. मात्र पत्रे वाढली तरी वर्गणीची जमा तेवढीच राही, आणि बोजा वाढे तो वाटणाऱ्यांवर. १८६५ मध्ये निघालेली ड्रॅगनच्या चित्राची तिकिटे मुख्यतः वर्गणीदार नसलेल्यांसाठी होती. त्यामुळे प्रत्यक्ष पत्रावर वापरलेली त्या वेळची तिकिटे आज फार दुर्मिळ आहेत.

दर ठरवताना चलनाचा घोळ झाला. चांदी मोजण्याचे चिनी माप टेल, आणि एक टेल म्हणजे १०० कँडरीन, तर बाजारात चालणारा मेक्सिकन डॉलर १०० सेंटचा व सुमारे ७२ कँडरीन मोलाचा. पहिली तिकिटे कँडरीनमध्ये होती. १८६६ मध्ये २, ४, ८ व १६ सेंटची आली आणि लगेच १८६७ मध्ये १, ३, ६ व १२ कँडरीनची. गुणाकार केला तर ४, ८ व १६ सेंट जवळपास बरोबर उतरतात, पण २ सेंटचे १.४४ कँडरीन होतात, त्याचा एक करावा लागला. सेंट कायमचे आले ते १८९० मध्ये. १८६६ पासूनची तिकिटे लंडनला छापून बोटीने येत. त्यामुळे हव्या त्या किमतीचे तिकीट संपले, की जुन्यावर नवी किंमत छापायची किंवा तिकीट अर्धे कापून चालवायचे.

इतर बंदरांत शाखा होत्या. थैल्या व्यापारी आगबोटींनी जात, म्हणजे वेळापत्रक बोटवाल्यांचे. हिवाळ्यात पेई-हो नदी गोठली, की उत्तरेकडील तिएन्त्सिन बंदराचा जलमार्ग बंद. परदेशी जाणाऱ्या पत्राला स्थानिक तिकीट पुरेसे नसे. ब्रिटिश कचेरीतून पाठवायचे असेल, तर शेजारी हाँगकाँगचे तिकीटही लागे, कारण स्थानिक टपालाला आंतरराष्ट्रीय मान्यता नव्हती.

१८९३ पासून हानको, चीफू, च्यूच्यांग, वूहू, अमॉय अशा बंदरांनी स्वतःची टपाले काढली. त्यांतली काही गरजेची होती. पण काही बंदरांत पत्रे मूठभर आणि तिकिटांचे प्रकार डझनावारी, असा मामला होता. गिऱ्हाईक युरोपातला संग्राहक. त्याने विकत घेतलेले तिकीट अल्बममध्ये जाई, ते पत्र कुठे पोचवावे लागत नसे. संग्राहकांनी कुरकुर केली, तरी विकत घेणे काही सोडले नाही.

२० मार्च १८९६ च्या फर्मानाने चीनचे शाही टपाल खाते स्थापन झाले. चीनच्या कस्टम्स (जकात) खात्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ट यांच्याकडे त्याचा कारभार आला. बंदरांची टपाले १८९७ मध्ये मिटली व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शांघायनेही आपली सेवा त्या खात्याकडे सोपवली. परदेशी सरकारांच्या कचेऱ्या मात्र हटल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेक १९२२ च्या अखेरीस बंद झाल्या.